शेवटची बस आठ चाळीसला

माझा मावसभाऊ २०२४ च्या मार्चअखेरीस चिंचवडहून स्टुटगार्टला आला. १ एप्रिलपासून फॉयरबाख भागातल्या एका कारखान्यात नोकरी, पहिले सहा महिने प्रोबेशन, कर आणि विमा कापून हातात पावणेतीन हजार युरो. बायको आणि तीन वर्षांची लेक ऑक्टोबरमध्ये येणार होत्या. मी इथे बारा वर्षं राहते आहे, त्यामुळे मावशीचा फोन आलाच. "तू आहेस ना तिथे, मग मला काळजी नाही." त्या दिवसापासून ती काळजी माझी झाली.

पुण्याच्या बाजूचा माणूस स्टुटगार्टला येणं यात नवल काहीच नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, आणि मोटारींच्या धंद्यामुळे चाकण-पिंपरीचे इंजिनिअर इथे येतच असतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने इथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून मला नर्सिंग झालेल्या मुलींचे आणि वायरमनचं काम करणाऱ्या पोरांचेही फोन येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: परवडेल असं घर कुठे बघू? आम्ही जुनी मंडळी त्यावर एक ठरलेलं उत्तर देतो. भावालाही मी तेच दिलं आणि ते चुकलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. नाव-गाव गाळलं आहे, आकडे त्याच्या वहीतले आहेत.

माझा सल्ला आणि तो कुठे फसला

मी म्हटलं होतं, "झोन बघ. बाहेर जाशील तसं भाडं उतरतं पण पास चढतो. दुसऱ्या झोनच्या पलीकडे जाऊ नकोस."

मी आले तेव्हा हा हिशेब खरा होता. स्टुटगार्टच्या परिवहन मंडळाचे, व्हीव्हीएसचे, तेव्हा तिकीटदराचे तब्बल ५२ झोन होते. १ एप्रिल २०१९ ला त्यांची पाच वर्तुळं झाली. तरी तत्त्व तेच राहिलं, लांब राहाल तर जास्त मोजाल. मग १ मे २०२३ ला डॉइचलांडटिकेट आलं. महिन्याला ४९ युरो, आणि देशभरातल्या सगळ्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि प्रादेशिक रेल्वे त्यात. लांब पल्ल्याच्या आयसीई-आयसी गाड्या तेवढ्या नाहीत. जानेवारी २०२५ पासून ते ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. तरी स्टेशनला चिकटून राहणारा आणि साठ किलोमीटरवरून येणारा, दोघांना पास एकाच किमतीचा.

म्हणजे अंतराची किंमत पैशातून निघून गेली. पण ती नाहीशी झाली नाही, मिनिटांत गेली. आणि मिनिटं जाहिरातीत छापलेली नसतात. जाहिरातीत "स्टेशन जवळ" असतं, "वाहतुकीची उत्तम सोय" असतं, आणि ते लिहिणाऱ्या घरमालकाकडे बहुतेक वेळा दोन मोटारी असतात.

आपल्या माणसाला पहिल्या वर्षी मोटारीचा पर्याय जवळजवळ नसतोच. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते. पुढे जर्मन लायसन्स लागतं आणि भारतीयांना लेखी व प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. पंधरा वर्षं पुणे-मुंबई केलेला माणूसही इथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायच्या नियमावर नापास होतो. तेव्हा घर निवडायचं ते गाडी नाही असं धरूनच.

थंड भाडं, गरम भाडं

वहीचं पहिलं पान शब्दांचं आहे. "त्स्वाय त्सिमर", म्हणजे दोन खोल्या, हे वाचून तो खूश झाला होता. त्याला टू बीएचके वाटलं. तो आपला वन बीएचके. इथे हॉलही खोलीतच मोजतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत.

मग काल्ट आणि वार्म. काल्ट म्हणजे नुसत्या जागेचं थंड भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची वीज आणि बहुतेक घरांत हीटिंग असा नेबनकोस्टनचा आगाऊ हप्ता मिळवला की वार्म, म्हणजे गरम. जाहिरातीत मोठ्या अक्षरात थंड आकडा असतो. गरम भाड्यातही घरातली वीज आणि इंटरनेट धरलेलं नसतं. शिवाय दर घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरात टीव्ही असो वा नसो. भावाने विचारलं, "आणि मी बघतच नसेन तर?" तरीही. हा प्रश्न मला विचारणारा तो बहुधा तेरावा.

घरमालक साधारण एवढंच बघतात की थंड भाडं हातातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतं का. म्हणजे त्याची मर्यादा नऊशेच्या आसपास.

आल्या आल्या तो त्सुफनहाउझनमध्ये एका फर्निचरसकट खोलीत राहिला. अठरा चौरस मीटर, सगळं धरून ६९० युरो, करार ऑगस्टअखेरपर्यंत. महाग होती, पण घेताना आम्ही एक गोष्ट पक्की केली होती: पत्त्याची नोंद, आनमेल्डुंग, होईल का? घरात आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंद करायची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सही केलेलं पत्र लागतं. ते नसेल तर टॅक्स नंबरही अडतो. काही जण खोली देतात पण "नोंद जमणार नाही" म्हणतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

तीन घरं

पहिल्या महिन्यात त्याने साठेक ठिकाणी अर्ज पाठवले. उत्तरं आली आठ. त्यातलं एक शहराच्या मधोमध, ६८ चौरस मीटर, गरम भाडं ६५०. मालक म्हणे परदेशात असतो, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. फोटोतल्या खिडकीबाहेर पामची झाडं होती. स्टुटगार्टात! मी फक्त एवढंच म्हटलं, "घर बघितल्याशिवाय एक पैसा जाणार नाही." पण त्याच्या ऑफिसातल्या एकाचे अशाच जाहिरातीत पंधराशे युरो गेले होते, म्हणून हसून सोडून देण्यासारखं ते नाही.

वहीत शेवटी तीन घरं उरली.

स्टुटगार्ट-वेस्टमधलं घर म्हणजे ४८ चौरस मीटर, थंड ९६०, गरम ११९०. फॉयरझे स्टेशनवरून फॉयरबाखला थेट एस-बान, म्हणजे इथली लोकल, दहा-बारा मिनिटांत. बघायला गेलो तर तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यात रांग, प्रत्येकाच्या हातात फाइल. त्यात तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, आधीच्या घरमालकाकडचं भाडं थकलं नसल्याचं पत्र, आणि शूफा, म्हणजे कर्जफेडीची पत सांगणारा कागद. नुकत्याच आलेल्या माणसाच्या शूफात काहीच नसतं. वाईट नसतं हे खरं, पण चांगलंही नसतं. आम्ही त्याऐवजी नोकरीचं करारपत्र, कंपनीचं पत्र आणि कुटुंबाचा फोटो घालून एक पान लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. प्रोबेशनवरचा माणूस आणि जिन्यात दोन पगार असलेली जोडपी, यात कोणाला घर मिळणार हे उघड होतं. हे घर त्याच्या मर्यादेबाहेरचंच होतं, पण मला वाटतं, एक तरी असं बघावं. बाजार कसा आहे ते जिन्यात कळतं.

दुसरं घर लेओनबर्गच्या पलीकडच्या एका गावात होतं. ७४ चौरस मीटर, थंड ६९०, गरम ८८०. बाल्कनीतून सफरचंदाच्या बागा दिसत. मालक सत्तरीचा शेतकरी, त्याने पहिल्याच भेटीत सफरचंदाचा रस पाजला आणि गॅरेज फुकट देऊ केलं. गाडी नाही म्हटल्यावर पुन्हा विचारलं, "आत्ता नाही, की नाहीच?" भावाने त्याच रात्री मला फोन केला. "ताई, हेच घ्यायचं. तीनशे युरो वाचतात. चिऊला खेळायला अंगण आहे."

मला ते घर खटकलं नव्हतं हे कबूल करते. माझ्या जुन्या नियमाने ते बाद होतं, पण आता पास सगळीकडे सारखा, मग लांब असेना का, असं मलाही वाटून गेलं. नकाशावर ते लेओनबर्ग स्टेशनपासून दहा किलोमीटरही नाही. लेओनबर्गहून एस-६ फॉयरबाखला वीस मिनिटांत, गाडी न बदलता जाते. अॅपमध्ये शोधलं तर सगळा प्रवास ५३ मिनिटं दाखवत होता. चिंचवडहून हिंजवडीला जाणाऱ्याला त्रेपन्न मिनिटांचं काय कौतुक?

गुरुवारची फेरी

तरी मी त्याला म्हटलं, "सही करायच्या आधी दोनदा जाऊन ये. एकदा सकाळी कामाच्या वेळेला, एकदा उशीर झाल्यासारखा."

सकाळची फेरी नीट झाली. घरापासून थांब्यापर्यंत चार मिनिटं, बस वीस, स्टेशनवर नऊ मिनिटं थांबणं, एस-६ वीस, फॉयरबाखला उतरून कारखान्यापर्यंत दहा. वहीत बेरीज ६३. अॅपची त्रेपन्न मिनिटं घरापासून फॉयरबाख स्टेशनपर्यंतची होती, कारखान्याच्या दारापर्यंतची नव्हे.

गुरुवारी त्याने शिफ्ट लांबल्याचं नाटक केलं. फॉयरबाखहून निघालेली एस-६ त्याला ८:३४ ला लेओनबर्गला पोचवणार होती. गावची शेवटची बस ८:४०. गाडी पाच मिनिटं उशिरा आली. इथे त्याला कोणी उशीर म्हणत नाही, रेल्वेच्या हिशेबात तर सहा मिनिटांच्या आतली गाडी वेळेवरच धरतात. तो जिने उतरून धावत थांब्यावर आला आणि बस डोळ्यांदेखत वळून गेली. त्यानंतर गावाला जायचं तर रुफटॅक्सी, म्हणजे आधी फोन करून मागवायची बस, आणि तो फोन प्रवासाच्या बराच आधी करावा लागतो. जर्मनमध्ये.

"ताई, आता काय करू?"

"काय करणार? घर अजून घेतलं नाहीस, परत ये."

मग तो स्टेशनवरच्या बाकावर बसून वेळापत्रकाचा कागद वाचत बसला. तोपर्यंत आम्ही दोघांनी कामाच्या दिवसाचं वेळापत्रकच पाहिलं होतं. शनिवारी बस तासाला एक. रविवारी दोन तासांना एक, तीही सकाळी दहानंतर. शाळेच्या सुट्टीत काही फेऱ्या बंद, कारण त्या मुळात शाळेच्या मुलांसाठीच चालवतात. थांब्यावरच्या कागदात वेळेपुढे बारीक अक्षर किंवा आकडा असतो, आणि खाली तळाला त्याचा अर्थ: "फक्त शाळेच्या दिवशी". खेड्यातल्या बसचं खरं वेळापत्रक त्या तळटिपांमध्ये असतं.

आणि मुख्य गोष्ट तेव्हा त्याच्या लक्षात आली. तो आठ तास कारखान्यात असणार, बायको मात्र चोवीस तास त्या गावात. तिला जर्मन शिकायचं होतं, लुडविग्सबुर्गमधला वर्ग संध्याकाळी सहा ते सव्वानऊ. सव्वानऊला वर्ग सुटला तर ती गावात पोचणारच नाही. वहीत त्या दिवशी फक्त एक ओळ आहे: "घर माझ्या ऑफिसपासून मोजलं. तिच्यापासून मोजलंच नाही."

करारातही एक कलम होतं, ते मी दाखवलं. भाडेकरूने एरवी तीन महिन्यांची नोटीस दिली की सुटका. या करारात दोन्ही बाजूंनी दोन वर्षं नोटीस न देण्याची अट होती. ती कायद्यात बसते, चार वर्षांपर्यंत चालते. शेतकऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्याला सारखे भाडेकरू बदलायचा कंटाळा होता. पण प्रोबेशनवरच्या माणसाने असं कलम घेऊ नये. नोकरी गेली तर ज्या गावात बस आठ चाळीसला संपते, तिथे तुम्ही दोन वर्षं बांधले गेलात.

सामन्याच्या संध्याकाळी

तिसरं घर बीटिगहाइमचं. ५६ चौरस मीटर, थंड ७९०, नेबनकोस्टन २२०, गरम १०१०. एस-५ चं शेवटचं स्टेशन चालत नऊ मिनिटांवर, तिथून फॉयरबाख वीस मिनिटं, थेट. दारापासून दारापर्यंत चाळीसच्या आत.

घर दाखवायची वेळ मालकीणबाईंनी दोन आठवडे आधी कळवली होती: शुक्रवार, ५ जुलै, संध्याकाळी सव्वासहा. त्या उन्हाळ्यात युरोपीय फुटबॉल स्पर्धा जर्मनीत होती, आणि मधल्या काळात असं घडलं की जर्मनी-स्पेन उपांत्यपूर्व सामना नेमका त्याच दिवशी सहा वाजता, तोही स्टुटगार्टमध्ये. गाड्या पांढऱ्या जर्सींनी खचाखच भरलेल्या, पण सगळ्या आमच्या उलट्या दिशेने चाललेल्या. घर बघायला तेरा जण येणार होते, आले तीन: आम्ही दोघं आणि छत्री घेतलेल्या एक आजी. बाईंना फुटबॉलचं काहीच नव्हतं. उलट, "शुक्रवार म्हटलं होतं ना मी?" असं म्हणून न आलेल्यांवर त्या चिडल्या होत्या. आजींना तिसरा मजला झेपणारा नव्हता. स्पेनने जादा वेळेत गोल केला आणि रस्त्यावरून एक मोठा सुस्कारा आला, तेव्हा आम्ही बाईंच्या स्वयंपाकघरात बसून मुलीचे फोटो दाखवत होतो.

यात नशिबाचा वाटा मोठा आहे. तो लपवला तर हे लिखाण खोटं ठरेल.

आकडेमोड

गाव आणि बीटिगहाइम यांच्या गरम भाड्यात फरक महिना १३० युरो. वेळेचा फरक एका बाजूने २३ मिनिटं, दिवसाला ४६, वीस दिवसांचे पंधरा तासांहून थोडे जास्त. म्हणजे गावात राहून तो तासाला साडेआठ युरोच्या आत-बाहेर "कमावणार" होता. हा दर जर्मनीतल्या किमान वेतनापेक्षा कमी आहे, २०२४ मध्ये ते १२.४१ होतं. महिन्यात दोनदा बस चुकून टॅक्सी करावी लागली तर तेही निम्मं उडालं. बायकोचा वर्ग, मुलीचा डॉक्टर, रविवारी किराणा बंद असल्याने शनिवारी ओझी घेऊन तासाची बस, हे मी हिशेबात धरलेलंच नाही.

पण मला मिनिटांपेक्षा दुसऱ्या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, आणि त्या नंतर सुचलेल्या आहेत.

पहिली, गाडी बदलणं. थेट चाळीस मिनिटं आणि एकदा बदलून चाळीस मिनिटं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थेट गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर तुम्ही पाच मिनिटं उशिरा पोचता. बदलायची असेल आणि पुढची बस तासाला एक असेल, तर त्याच पाच मिनिटांचा तास होतो. एस-५ कामाच्या दिवशी दिवसभर दर पंधरा मिनिटांनी आहे, रात्री आणि रविवारी अर्ध्या तासाने.

दुसरी, दुसरा मार्ग असणं. बीटिगहाइमला एस-बानखेरीज हाइलब्रोन आणि फोर्झहाइमकडून येणाऱ्या प्रादेशिक गाड्याही थांबतात. एस-५ बंद पडली तर त्यातून लुडविग्सबुर्ग गाठायचं आणि तिथून एस-४ धरायची. गावाला एकच धागा होता, तो तुटला की संपलं.

तिसरी गोष्ट फक्त स्टुटगार्टची. इथल्या एस-बानच्या बहुतेक सगळ्या मार्गिका शहराखालच्या एकाच दुपदरी बोगद्यातून जातात, गर्दीच्या वेळी तासाला चोवीस गाड्या, म्हणजे अडीच मिनिटांना एक. मध्य रेल्वेवर दादर-कुर्ल्याला काही झालं की कसारा-कर्जतपर्यंत सगळे लटकतात, तसंच. २०२१ पासून काही वर्षं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तो बोगदा कामासाठी आठवडेच्या आठवडे बंद ठेवला होता. शिवाय मुख्य स्टेशनच जमिनीखाली नेण्याचं काम २०१० पासून चालू आहे आणि उद्घाटनाची तारीख पुढे पुढे जाते आहे. फॉयरबाख बोगद्याच्या उत्तरेला, बीटिगहाइमही उत्तरेला. घर आणि नोकरी एकाच बाजूला असल्याने भावाचा रोजचा प्रवास बोगद्यात शिरतच नाही. स्टुटगार्ट-वेस्टचं "जवळचं" घर मात्र बोगद्याच्या पोटात होतं. हे माझ्या डोक्यात आधी असतं तर मी तिथे जिन्यात उभीच राहिले नसते. फायहिंगनच्या विद्यापीठात शिकायला येणाऱ्यांनी हाच नियम उलटा लावावा, त्यांना दक्षिणेकडचं घर बरं.

किल्ली मिळाल्यावर

१ सप्टेंबर २०२४ ला किल्ली मिळाली. घरात स्वयंपाकघर नव्हतं. खोली होती, पण ओटा, सिंक, शेगडी, कपाटं काही नाही. भिंतीतून दोन नळ आणि एक जाड वायर. छतालाही दिवे नाहीत, नुसत्या तारा लोंबत होत्या. इथे बरेच जण घर सोडताना स्वयंपाकघर उचलून नेतात किंवा पुढच्याला विकतात. आधीच्या भाडेकरूने अठराशे मागितले, आम्ही अकराशेवर आणले. सहा वर्षं वापरलेली शेगडी होती, फोटो काढून तशाच जुन्या मालाच्या किमती दाखवल्या, फार घासाघीस लागली नाही. घराचं बजेट करताना हा खर्च कोणी धरत नाही. धरावा.

अनामत तीन थंड भाड्यांची, म्हणजे २३७०. यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क आहे. बाईंनी एकदम मागितली. भावाने नम्रपणे कायद्याचं कलम सांगितलं, ५५१. बाई म्हणाल्या, "वाचून आलाय वाटतं," आणि तयार झाल्या. दलाल नव्हता. असता तरी २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असतात.

दाराच्या मुठीला पहिल्याच आठवड्यात एक पाटी लटकलेली दिसली: केरवोखे. श्वाबेन प्रांताची ही खास रीत, ज्याच्या दारावर पाटी त्याने त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा. भावाला वाटलं, कोणीतरी चुकून अडकवली. त्याने ती अदबीने शेजारच्या दारावर लावली. शेजारच्या आजोबांनी ती परत आणून लावली. दोन दिवस हे चाललं. शेवटी मला फोन.

त्यानंतरचं

घर उत्तम निघालं असं मी म्हणणार नाही. पहिल्या हिवाळ्यात झोपायच्या खोलीत बुरशी आली. पोळ्या-कुकरची वाफ आणि थंडी म्हणून बंद खिडक्या. दिवसातून तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच मिनिटं हवा खेळवायची, हे इथे करारात लिहिलेलं असतं आणि आपल्याला थट्टा वाटते. २०२५ च्या शरदात नेबनकोस्टनचा हिशेब आला आणि चारच महिन्यांसाठी ११५ युरो वर भरावे लागले. एस-५ आठवड्यातून एकदा तरी रद्द होते. पण पंधरा मिनिटांनी दुसरी येते आणि तो पुस्तक घेऊन उभा राहतो.

पासाचं असं झालं की त्याची कंपनी पाव हिस्सा भरते, त्यामुळे वर आणखी पाच टक्के सूट मिळून २०२५ मध्ये त्याला ५८ ऐवजी ४०.६० पडले. बायकोने पूर्ण भरले. मुलगी सहाच्या आत, तिला तिकीट नाही. कंपनीला विचारायचं त्याला सुचलं ते चार महिन्यांनी. मीही विसरले होते.

बायकोने वर्ग लावला. सव्वानऊला सुटून ती दहाच्या आत घरी असते. पहिल्या दिवशी भाऊ लेकीला घेऊन स्टेशनवर न्यायला गेला होता. दुसऱ्या आठवड्यात तिने त्याला सांगितलं, "तुम्ही नका येऊ, चिऊची झोप मोडते."

एक तक्रार मात्र तशीच आहे. बीटिगहाइमला एन्त्स नदीवर रेल्वेचा जुना दगडी पूल आहे, १८५३ मध्ये पुरा झालेला, उंच कमानींचा. दिवसा बघायला सुंदर. रात्री त्यावरून मालगाड्या जातात आणि घराची खिडकी त्याच दिशेला आहे. घर बघितलं त्या संध्याकाळी हे आमच्या ध्यानात आलं नाही, सगळं गाव सामना बघत होतं आणि आमचं लक्ष बाईंकडे. मावशी गेल्या मेमध्ये आली तेव्हा जेट लॅगमुळे तिला पहाटे तीनला जाग यायची. सकाळी चहा घेताना ती आकडा सांगायची, "काल बत्तीस डबे होते. परवा एकोणतीस."